काठीवरचं पाणी

९ जानेवारी २०२५
कोची सोडून चौथा दिवस

दादा,

नमस्कार. मागची तिन्ही पाकिटं तुम्ही न फोडता परत पाठवलीत. पत्त्यावरचं अक्षर ओळखलं असणार. ते तुमच्याच अक्षरासारखं आहे, भावानंच शिकवलं, त्याला मी काय करू? म्हणून ह्या वेळी पाकीट नाही. ही वही आहे, उघडीच पाठवीन.

मी एका यॉटवर आहे. शिडाची बोट, चौदा मीटर लांब. आपल्या दारापासून हौदापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच आहे. मालक मुरुमकडचे, कृष्णराज साहेब. एवढ्या उसाच्या रानाचा मालक, आणि बोट घेतली म्हणून लोक हसले. पण त्यांना ती चालवता येते, परदेशात शिकून आलेत. कोचीहून मॉरिशसला न्यायची, पंचवीस दिवस. त्यांच्या पत्नी लीलावहिनी आहेत. ढोकीचे सोमेशभाऊ आहेत, आधी ट्रॅक्टरचे फिटर होते, आता साहेबांची सगळी इंजिनं तेच बघतात. आणि स्वयंपाकाला मी. सोलापूरला केटरिंग केलं ते असं उपयोगी पडलं.

बोट वाऱ्यानं एका अंगावर कलते आणि तशीच चालत राहते. वारा डावीकडून आहे, त्यामुळे चार दिवस आम्ही उजवीकडे कलून जगतोय. झोपताना उजव्या भिंतीला चिकटायचं. कुकर उजवीकडे घसरतो म्हणून शेगडीला अडसर आहेत. चार-चार तासांच्या पाळ्या असतात. पाळीवर असताना कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा, नाहीतर एक लाट पुरते. भाकरीचं पीठ मी निम्मं समुद्राचं पाणी घालून मळते, मीठ वाचतं.

सोमेशभाऊ पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, ह्यो समुद्र म्हंजी नुसतं नांगरल्यालं रान बगा. पिकत काय न्हाई, आन कडंला झाड बी न्हाई."

मला एक गोष्ट सांगायची आहे. एप्रिल २०१६ मधल्या टँकरच्या दिवसाची. तुम्ही उत्तरेश्वरला मारलंत आणि त्याचा डोळा गेला, हे मी कोर्टात सांगितलं. त्यानं तुमची तीन वर्षं गेली, शाळेतली नोकरी गेली, आणि आज तुम्ही मुरुमच्या अडतीवर मापाडी आहात. ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणतेय ती दुसरी गोष्ट. मॉरिशस येईपर्यंत ती ह्या वहीत लिहायची, असं मी ठरवलं आहे.

आज नाही.

अस्मिता


१३ जानेवारी

दादा,

पाणी गोडं करायचं यंत्र दहा तारखेला बंद पडलं. सोमेशभाऊंनी ते तीन वेळा खोललं, आतली पडदी फाटली आहे, ती इथं मिळणार नाही. टाकीतलं पाणी दाखवणारा काटाही तेव्हापासून अडकला आहे. टाकी चारशे लिटरची. उजव्या बाकाखाली आडवी बसवलेली, आणि तिचं तोंड अगदी उजव्या टोकाला.

साहेब म्हणाले, "आता कसं कळायचं किती राहिलं?"

मी म्हणाले, "माझ्याकडे काठी आहे."

कोचीला टाकी भरली तेव्हाच मी झाडूच्या दांडक्याला खुणा करून ठेवल्या होत्या. भरल्या टाकीत काठी उभी धरायची, ओल्या खुणेपर्यंत वीस भाग करायचे, एक भाग वीस लिटर. सांगितलं नव्हतं कुणी. तुम्ही मला हौदाची काठी अशीच करून दिली होती. चौथीपर्यंत दम्यामुळे मी घरातच शिकले, माझी शाळा म्हणजे तुम्ही आणि तो हौद. 'डोळ्यांनी बघितलं ते आधी लिही, मग बोल,' असं तुम्ही रोज सांगायचात.

साहेबांना काठी फार आवडली. "बघ, लीला. आपल्याकडची पोरगी आहे. हिच्या आकड्यावर मी डोळे झाकून चालेन." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

आता पाणी माझ्या हातात आहे. माणशी पाच लिटर, स्वयंपाक धरून. भांडी खाऱ्या पाण्यात, अंघोळ खाऱ्या पाण्यात. वहिनी रडकुंडीला आल्या. मला आणि सोमेशभाऊंना त्याचं काही नाही, आम्ही तांब्याभर पाण्यात अंघोळ करून मोठे झालो. केस मात्र मिठानं दोरखंडासारखे झाले होते. काल कात्रीनं वेणी कापून टाकली.

कापताना वहिनी आरसा धरून म्हणाल्या, "साहेबांसमोर सोमेशभाऊंसारखं हसून बोलत जाऊ नकोस. त्यांना आवडत नाही." मी त्यांच्या दंडाकडे बघितलं. चार बोटांचे निळे वळ होते. बोट हलते, माणूस आपटतो, वळ येतात. पण बोट चार बोटांनी धरत नाही.

परवा मोठा मासा लागला. डेकवर आणल्यावर तो सगळीकडे रक्त उडवत आपटत होता. शिडाची दोरी आवळायच्या चाकाला एक जड लोखंडी हँडल असतं, हातभर लांब. साहेबांनी ते काढून माशाच्या डोक्यात घातलं. पाच-सहा वेळा. मासा दुसऱ्याच घावाला निपचित पडला होता. मी मोजत होते.

आज विषुववृत्त ओलांडलं. वारा पूर्ण पडला, बोट सरळ उभी आहे, ताटातली आमटी ताटात राहते. काठी जरा कमी दाखवते. उकाड्यानं सगळे जास्त पीत असतील. सोमेशभाऊ मघाशी गोड्या पाण्यानं तोंड धूत होते, अर्धा तांब्या. मी वहीत लिहिलं आहे.

अस्मिता


१७ जानेवारी

दादा,

अक्षर वाईट येतंय. जे झालं ते क्रमानं लिहिते.

काल दुपारी पश्चिमेकडून वादळ आलं. आधी काळी भिंत दिसली, मग वारा एकदम उजवीकडून आदळला. शिडाखालचा आडवा खांब डावीकडे फेकला गेला, वाटेत वहिनींचं कपाळ होतं. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या खाली बसल्या आणि रक्त डोळ्यांत गेलं. बोट डाव्या अंगावर पडली. कपाटाचं दार उघडून डाळींचे डबे माझ्या पाठीत बसले. साहेब सुकाणूवरून शिव्या देत होते, सोमेशभाऊ गुडघ्यांवर रांगत शीड उतरवत होते. दोरी हातातून सुटली तेव्हा साहेबांनी त्यांच्या पाठीत लाथ घातली. दोन तासांनी वादळ गेलं. वारा मात्र उजवीकडचाच राहिला. आता आम्ही डावीकडे कलून चालतोय.

वहिनींच्या कपाळाला मी चिकटपट्ट्या लावल्या. मग सवयीप्रमाणे टाकीत काठी घातली.

एकशे वीस.

पुन्हा घातली. पुसून घातली. एकशे वीसच. त्याच सकाळी दोनशे होते. फळ्या उचलून खालचा तळ बघितला, कुठं गळलं असेल तर तिथं साचलं असतं, कोरडा ठणठणीत.  आज सकाळी दहाला मी साहेबांना सांगितलं.

"किती?"

"एकशे वीस."

"आणि काल?"

"दोनशे."

"ऐंशी लिटर गेलं कुठं?"

"माहीत नाही, साहेब."

"कुणाला पाण्याजवळ बघितलंस? गोष्ट नको सांगू. बघितलंस ते सांग."

मी बघितलं होतं ते सांगितलं. सोमेशभाऊ. अर्धा तांब्या. तोंड धूत होते.

मी खोटं बोलले नाही. हे दोनदा लिहावंसं वाटतंय.

साहेबांनी त्यांना वर बोलावलं. सोमेशभाऊ फडक्याला हात पुसत आले.

"पाणी कुठं लपवलंस?"

"कोन्तं पाणी, मालक?"

"ऐंशी लिटर."

सोमेशभाऊ हसले. "ऐंशी लिटर लपवाय म्या काय उंट हाय व्हय?"

ते हसले नसते तर कदाचित. नाही, तरीही झालं असतं. साहेबांनी ते हँडल काढलं. पहिला घाव खांद्यावर. सोमेशभाऊंनी तोल जाऊ नये म्हणून उजव्या हातानं कठडा धरला, दुसरा घाव त्या हातावर. वाळलेलं तुरकाटं मोडावं तसा आवाज झाला. तिसरा परत तिथंच. मग ते पडले आणि साहेबांनी बुटानं मारायला सुरुवात केली, पोटात, तोंडात. "माझ्या जिवावर चार पोरं पोसतोस आणि माझं पाणी चोरतोस?" वहिनी ओरडत होत्या. मी पायऱ्यांवर उभी होते, काठी हातात होती.

नंतर त्यांना पट्ट्यानंच डोलकाठीच्या बुडाशी बांधलं. उन्हात. पाणी द्यायचं नाही, असा हुकूम. दुपारी एकला त्यांची मान खाली पडली, ओठातून रक्त गळत होतं, त्यावर मीठ साचत होतं. मी माझ्या वाट्याचा पेला भरला आणि साहेबांकडे गेले.

मी परवानगी मागितली. हे लिहायलाच हवं, दादा. पेला हातात घेऊन मी परवानगी मागितली. ते नाही म्हणाले. मी पेला परत टाकीत ओतला.

अस्मिता


२० जानेवारी

दादा,

सोमेशभाऊंना त्याच दिवशी पाचला सोडलं. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडलीत. उलथन्याचा लाकडी दांडा कापून मी खपाटी बांधली. साहेब दोरी ओढतात, मी आणि वहिनी सुकाणूवर. सॅटेलाइट फोन साहेबांच्या खिशात असतो. पाणी निम्म्यावर आणलं, चौघांना मिळून दिवसाला दहा लिटर. जिभा खरखरीत झाल्यात. पट्ट्याखाली सगळ्यांना खारे फोड उठलेत, बसता येत नाही. सकाळी डेकवर मेलेले उडते मासे गोळा करायचे, तव्यावर टाकायचे. कुणी कुणाशी बोलत नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला तरी वहिनी दचकतात.

काल खपाटी सोडून पट्टी बदलत होते. सोमेशभाऊ दात आवळून बसले होते, त्यातले दोन आता नाहीत.

"ताई, मालकाला तुमी सांगितलं व्हय?"

"मी आकडा सांगितला."

"आकडा."

"आणि तुम्ही तोंड धूत होतात ते."

त्यांनी हात तसाच पुढं धरला. मग म्हणाले, "धूत हुतो. डोळ्यात डिझेल गेलतं." आणि मोडक्या हाताकडे बघून, "आकड्याला हात न्हाईत ते बरं हाय. न्हाय तर मालकानं त्याची बी बोटं मोडली आस्ती."

डिझेल गेलं होतं हे मी बघितलं नव्हतं. मी फक्त तोंड धुताना बघितलं.

त्या दिवशी हौदाच्या कट्ट्यावर मी हेच केलं होतं. टँकरचं पाणी हौदात ओतलं होतं, घराला चार घागरी, मी वहीत नावं मांडत होते. उत्तरेश्वरनं सहा नेल्या. तुम्ही शाळेतून आलात, चार किलोमीटर उन्हातून, आणि आपल्या घराला तीनच आल्या होत्या. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. बंद हापशाचा दांडा तिथंच पडला होता. मी कट्ट्यावरून उतरले नाही. सोळा वर्षांची होते, पण उतरता आलं असतं.

ती दुसरी गोष्ट ह्याच्या पुढची आहे. अजून लिहवत नाही.

अस्मिता


२३ जानेवारी

दादा,

काल संध्याकाळी वारा पुन्हा फिरला. साहेब म्हणाले, हा आता मॉरिशसपर्यंतचा वारा, आग्नेयेचा, डावीकडून. बोट पहिल्यासारखी उजवीकडे कलली. आज सकाळी काठी घातली.

एकशे पन्नास.

सोळा तारखेला एकशे वीस होते. सहा दिवस चार माणसं प्यायली आणि पाणी वाढलं.

मी काठी हातात धरून बाकावर बसले. पेल्यात थोडं पाणी घेतलं आणि पेला कलता केला. एका कडेला पाणी वर चढलं, दुसऱ्या कडेला तळ उघडा पडला. लहान मूल खेळतं तसं मी ते किती वेळ करत बसले.

टाकीचं तोंड उजव्या टोकाला. बोट उजवीकडे कलली की पाणी तोंडाशी जमतं, काठी जास्त दाखवते. डावीकडे कलली की तिकडे पळतं, काठी कमी दाखवते. ऐंशी लिटर कुठंही गेलं नव्हतं. आपला हौद कधी कलला नाही, दादा. आजवर मी सरळ जमिनीवरच मोजलं.

सोमेशभाऊंची दोन बोटं गेली आहेत. वास येतो.

आता ती दुसरी गोष्ट. मॉरिशस येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

उत्तरेश्वरनं चोरी केली नव्हती. त्या सहांतल्या चार घागरी त्याच्या, आणि दोन कस्तुराबाईंच्या. म्हातारीचा पाय सुजला होता, म्हणून तो तिच्या दारात ठेवून आला होता. त्याच दिवशी पाच वाजता, पोलीस तुम्हाला घेऊन गेल्यावर, ती काठी टेकत माझ्याकडे आली. म्हणाली, "पोरी, माझ्या नावावर दोन घागरी मांड. उत्तरेश्वरनं आणून दिल्या. उद्या म्हणशील म्हातारीनं न मांडताच न्हेल्या." मी मांडल्या. कस्तुराबाई, दोन. माझ्या अक्षरात आहे ते. वही कुणी मागितली नाही, मी कुणाला दाखवली नाही.

कोर्टात वकिलांनी विचारलं, मारलं का? मी हो म्हणाले. का मारलं? मी म्हणाले, "त्यानं पाणी चोरलं म्हणून."

ते माहीत असून म्हणाले. तुमची शिक्षा कमी व्हावी म्हणून. कमी झालीही, असं वकील म्हणाले. तुम्ही नऊ वर्षं मला खरं बोलल्याबद्दल क्षमा केली नाहीत. मी तिथं तुमच्यासाठी खोटं बोलले होते. आणि तेव्हापासून गावात उत्तरेश्वरला 'घागरचोर' म्हणतात.

उद्या सकाळी मी सगळ्यांसमोर काठीचं सांगणार आहे.  लिहून ठेवलं म्हणजे मागं फिरता येणार नाही.

अस्मिता


२५ जानेवारी

दादा,

डावा हात गळ्यात बांधलाय, गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. उजव्यानं लिहिते.

काल सकाळी आठला चौघंही वर होतो. मी काठी आणि पेला घेऊन गेले. पेला कलता करून दाखवला. सांगितलं, "माप माझं चुकलं. पाणी कुणी घेतलं नव्हतं."

साहेबांनी काठी हातात घेतली. त्यांना लगेच कळलं, दादा. बोटीतला माणूस आहे तो, त्याला कळायला पेलाही लागला नाही. चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी काठी समुद्रात फेकली.

"पाणी वाढलं म्हणजे त्यानंच परत ओतलं. भ्यायला म्हणून."

लीलावहिनी हसल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा. "कुठून ओतलं, अहो? खिशातून?"

साहेबांनी वहिनींच्या तोंडात मारली. कपाळावरची जखम उघडली. रक्त नाकावरून वहिनींच्या कुडत्यावर आलं. साहेब माझ्याकडे वळले. "तू गप बसायचं. मॉरिशसला एक शब्द बोललीस तर बघ. तो चोर आहे. मी चोराला मारलं."

सोमेशभाऊ उठले. ते इतके सावकाश उठले की मला वाटलं खाली जातायत. डाव्या हातानं त्यांनी हँडल काढलं आणि साहेबांच्या बरगड्यांत घातलं. साहेब वाकले. दुसरा घाव त्याच बाजूला. साहेब कठड्यावर पडले, अर्धं अंग बाहेर, पट्टा अडकवलेला नव्हता. सोमेशभाऊंनी त्यांची कॉलर मोडक्या हाताच्या कोपरानं दाबून धरली. ओरडत नव्हते, नुसतं बोलत होते, "म्हन. चोर न्हाई म्हन. म्हन की, मालक." साहेबांच्या तोंडातून फेस येत होता. म्हणाले नाहीत. सोमेशभाऊंनी हँडल डोक्यावर उचललं.

मी त्या वेळी काही ठरवलं नाही. मी साहेबांच्या अंगावर पडले. घाव माझ्या खांद्याजवळ बसला. आवाज आतून ऐकू येतो, बाहेरच्यापेक्षा मोठा.

डोळे उघडले तेव्हा वहिनींनी सोमेशभाऊंना मागून कवेत धरलं होतं आणि म्हणत होत्या, "माझ्याकडं बघा, सोमेशभाऊ. माझ्याकडं. पोरगी आहे ती." सोमेशभाऊंनी माझ्याकडे बघितलं. हँडल पाण्यात टाकून दिलं. मग खाली बसून रडले. मी माणसाला असं रडताना ऐकलं नव्हतं.

"ताई, त्यो कशापायी वाचवायचा हुता तुमाला?"

"त्याला नाही," मी म्हणाले. तुमच्या वेळी मी कट्ट्यावरून उतरले नव्हते, दादा.

साहेबांच्या तीन-चार बरगड्या मोडल्या असाव्यात, रक्त थुंकतात. खाली पडूनच दिशा सांगतात. सुकाणूवर सोमेशभाऊ, एका हातानं, दोऱ्यांना वहिनी. काठी गेली, टाकी आता मोजत नाही. पाणी चौघांना सारखं, एकाच पेल्यानं. मी साहेबांना पेला देते तेव्हा सोमेशभाऊ तोंड फिरवतात, पण पेला सांडू नये म्हणून बोट सरळ धरतात.

अस्मिता


२ फेब्रुवारी
मॉरिशस

दादा,

पोचलो. सोमेशभाऊंची दोन बोटं काढली, साहेब त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर आहेत. पोलीस आले होते. साहेब म्हणाले, "लाटेनं पडलो." मला त्याचं नवल वाटलं नाही. सोमेशभाऊही म्हणाले, "म्या बी." चार पोरं आहेत, परत ढोकीत राहायचंय.

मग मला विचारलं. मी पहिलं वाक्य सांगितलं, "पाण्याचं माप माझं चुकलं होतं." मग बाकीचं सगळं, कुणी कुणाला कशानं किती वेळा मारलं ते. सोमेशभाऊंनी मारलेलंही. परवानगी मागितली तेही. लिहून घेणाऱ्या बाईंनी दोनदा विचारलं, हे सांगायची गरज आहे का? वहिनींनी ऐकून घेतलं आणि खाली सही केली. पुढे जे व्हायचं ते होईल.

अस्मिता


१९ फेब्रुवारी
लोहारा

दादा,

आज सकाळी गावात जाऊन आले. उत्तरेश्वरच्या दारात शेळ्या बांधलेल्या होत्या. त्याची बायको सीताबाई अंगणात शेण काढत होती. मला बघून आत ओरडली, "आवं, कोर्टातली साक्षीदार आली बगा. आता कुनाचा डोळा काढायचाय इचारा."

तो बाहेर आला. डाव्या डोळ्याच्या जागी कातडी शिवलेली आहे. मी एवढ्या जवळून कधी बघितली नव्हती. माझा गळ्यात बांधलेला हात बघून त्यानंच बाज पुढं सरकवली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. कस्तुराबाई, दोन घागरी, वही, कोर्टात बोललेलं खोटं. टँकरची वही सोबत नेली होती, ते पान उघडून दाखवलं. त्यानं पान उजव्या डोळ्याजवळ धरून वाचलं. मला वाटलं तो मारेल. मारावं, असंही वाटलं.

तो म्हणाला, "म्या चोर न्हवतो ह्ये मला ठावंच हाय की. नऊ वर्सं झाली. तू मला नवं काय सांगाय आलीस?"

त्यानं वही माझ्या हातात परत दिली.

"कस्तुराम्हातारी मरस्तवर सांगत हुती लोकान्ला. कोन ऐकतंय? वहीत हाय म्हनं. वही दाव म्हनली तर तुज्या आईनं दार लावलं." ही गोष्ट मला माहीत नव्हती.  मग त्यानं शेळीच्या गळ्यातली दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली. "ज्याला ठाव न्हाई त्याला जाऊन सांग. तुज्या भावाला. त्यो अजून बाजारात मला बगून थुकतोय."

म्हणून ही वही. लोहाऱ्याहून मुरुमला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ देतेय, अडतीवर तुमच्या हातात देतो म्हणाले. टँकरची जुनी वही आतच बांधली आहे, त्या पानावर धागा ठेवलाय. उत्तरेश्वरनं सरपंचांसमोर सगळं पुन्हा सांगायला बोलावलंय, रविवारी, हौदाजवळ. मी जाणार आहे. तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. त्याच्याशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

उद्या सकाळच्या जीपनं मी मुरुमला येतेय, तुमच्या दारात. हे वाचून तुम्हाला राग येईल. मला भीती वाटते, लिहिताना आत्ताही वाटतेय.

इथं मी एक ओळ लिहिली होती, की तुम्ही हात उचललात तर ह्या वेळी मी कुणालाही काही सांगणार नाही. ती खोडली आहे, खोडलेली दिसेल तुम्हाला.

सांगेन.

तुमची
अस्मिता